नामंजूर, वरीलप्रमाणे

वाघोलीच्या त्या इंजिनीअरिंग कॉलेजात प्राचार्यांना जे करता येत नसे, ते नागोराव भुसाऱ्यांना बावीस वर्षं करता येत होतं. प्राचार्य एखाद्याला फार तर मेमो देऊ शकत. नागोराव त्याचं लॉगिन बंद करू शकत, त्याची मेल उघडू शकत, हॉस्टेलचं बायोमेट्रिक फाटक त्याच्यापुरतं कायमचं मिटवू शकत, आणि मनात आणलं असतं तर अख्खी मेकॅनिकल शाखा एका दुपारीत नापास करू शकले असते. मनात त्यांनी कधी आणलं नाही. एवढ्या अधिकारांचा त्यांनी केलेला सर्वांत मोठा गैरवापर म्हणजे ग्रंथपालबाई डोळे बारीक करून वाचतात हे पाहून त्यांच्या पडद्यावरची अक्षरं न विचारता मोठी केली, एवढाच. बाईंनी लेखी तक्रार केली.

नागोराव मूळचे वाशिमचे. पुण्यात येऊन पंचवीस वर्षं झाली तरी "तुम्ही तिकडचे ना?" हे विचारायचं पुण्यानं सोडलं नव्हतं. नागोरावांनी मनावर घ्यायचं सोडून दिलं होतं. सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर हे त्यांचं पद, आणि ॲडमिन राइट्स म्हणजे कॉलेजातल्या सगळ्या यंत्रांच्या सगळ्या किल्ल्या.

किल्ल्या त्यांच्या एकट्याकडेच होत्या असं मात्र नाही. गेल्या वर्षी बाहेरून ऑडिटर आला आणि त्यानं मोजलं, तर कॉलेजात एक्केचाळीस ॲडमिन निघाले. त्यात दोघं निवृत्त झालेले होते, एक ऑस्ट्रेलियाला गेलेला होता आणि एक कॅन्टीनचा ठेकेदार होता. ठेकेदाराला भिंतीवरच्या टीव्हीवर आजचे पदार्थ दाखवायचे होते, ते सॉफ्टवेअर ॲडमिन असल्याशिवाय चालेना, आणि नागोराव त्या दिवशी घाईत होते. त्यामुळे सलग तीन वर्षं इडली संपली की पाटी बदलणाऱ्या माणसाला मुलांचे गुणही बदलता आले असते. त्याला हे ठाऊक नव्हतं, एवढ्यावर संस्थेची अब्रू टिकून होती. ऑडिटरनं प्रत्येकाला हक्क देण्याचं कारण विचारलं. छत्तीस जणांच्या बाबतीत कारण एकच निघालं, प्रिंटर चालत नव्हता.

अहवाल वाचून संस्थेनं सृष्टी सातवला आणलं.

सृष्टी वाघोलीचीच. कॉलेजचं पार्किंग आज जिथं आहे तिथं तिचे आजोबा ज्वारी काढत. डिप्लोमा करताना ती सहा महिने नागोरावांच्या हाताखाली शिकायला होती. केबलमधल्या आठ तारांचा रंगक्रम त्यांनी तिच्याकडून इतक्या वेळा म्हणवून घेतला होता की झोपेतही ती तो बरळते, अशी तिच्या आईची तक्रार होती. पुढं ती हिंजवडीला एका मोठ्या कंपनीत गेली, सात वर्षं कंपनीच्या बसमध्ये रोज साडेचार तास बसली, आणि घराजवळ नोकरी निघाली म्हटल्यावर पगार कमी असूनही परत आली. आता ती नागोरावांची वरिष्ठ होती. ती त्यांना सर म्हणत असे, ते तिला अगं म्हणत, आणि यात कुणालाच काही विचित्र वाटत नव्हतं.

तिची पद्धत साधी होती. विभागातल्या प्रत्येकाची दोन खाती. एक रोजचं, मेल वाचायला आणि बातम्या चाळायला. दुसरं मोठं, ॲडमिनचं, ते कुलूपबंद. कुलूप उघडायचं तर विनंती करायची, काय करायचं आहे, किती वेळ लागेल आणि कारण काय हे लिहायचं. दुसऱ्या कुणीतरी ती मंजूर करायची. मग तेवढ्या वेळापुरतं दार उघडणार, आत काय केलं त्याची नोंद होणार, आणि वेळ संपली की दार आपोआप बंद. स्वतःची विनंती स्वतः मंजूर करता येणार नाही. कुणालाच नाही, सृष्टीलाही नाही. अगदीच सगळं कोसळलं तर एक आणीबाणीचं खातं होतं. त्याचा पासवर्ड लाखेनं बंद केलेल्या पाकिटात, पाकीट ऑफिसच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली शिपायांचे प्रमुख दत्तोबा यांच्याकडे. पाकिटाशेजारी एक वही. उघडणाऱ्याचं नाव, वेळ, कारण. शिवाय उघडताना दोन माणसं हजर हवीत.

सोमवारी अकरा वाजता नागोरावांचे कायमचे हक्क काढायचे ठरले. सृष्टी लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "सर, करू का?"

"मला कशाला विचारतेस," नागोराव म्हणाले. "परवानगी द्यायचा हक्क मला आहे की नाही, ते आधी बघ."

न्हाव्यापुढे बसावं तसे ते मान खाली घालून बसून राहिले. दीड मिनिटात झालं. दुपारी त्यांनी सवयीनं एक सर्व्हर उघडायला घेतला, तेव्हा पडद्यावर आलं की आपल्याला ही परवानगी नाही. बावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी हजारो लोकांना दाखवलं होतं. ते इतकं तुसडं आहे हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

पहिली विनंती त्यांनी त्याच दिवशी केली. कारणाच्या रकान्यात बाकी सगळे इंग्रजीत लिहीत, म्हणून नागोरावांनी मुद्दाम मराठीत लिहिलं, "प्राचार्यांचा प्रिंटर. पुन्हा." दोन मिनिटांत उत्तर आलं, "मंजूर, अर्धा तास. पुन्हा." यातला शेवटचा शब्द त्यांनी दोनदा वाचला आणि त्यांना हसू आलं. ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही.

मग तो एक परिपाठच झाला. नागोराव लिहीत, "ग्रंथालयाचं मशीन सुरू होत नाही. प्लग लावलेला आहे हे मी स्वतः वाकून पाहिलं आहे." सृष्टी उत्तर देई, "मंजूर. या वयात वाकू नये." एकदा त्यांनी लिहिलं, "कारण सांगण्यासारखं नाही, पण परीक्षा विभागाचा रणजित समोर उभा आहे आणि जात नाही." ती म्हणाली, "मंजूर. कारण पटलं." चार महिन्यांत तिनं त्यांची एकही विनंती फिरवली नाही. ॲडमिन एक्केचाळीसवरून चारांवर आले, आणि ठेकेदाराच्या टीव्हीला इडलीपुरतंच एक छोटं खातं मिळालं.

फक्त दुसऱ्या एका वहीचं प्रकरण राहिलं होतं. सृष्टीनं त्यांना सांगितलं होतं की तुम्ही डोक्यात ठेवून जे जे करता ते सगळं लिहून काढा, म्हणजे तुम्ही रजेवर असताना दुसऱ्याला करता येईल. नागोराव रजेवर कधी नसत, पण त्यांनी लिहिलं. एकतीस पानं झाली, सुवाच्य अक्षरात. एक गोष्ट त्यांनी लिहिली नाही. परीक्षेच्या सर्व्हरवर एका कोपऱ्यात जुन्या नोंदी साचत जातात. त्या दर महिन्याला हातानं काढल्या नाहीत तर जागा भरते आणि सर्व्हर लॉगिन घ्यायचं थांबवतो. हे दिसायला कुठंच दिसत नाही, ज्याला माहीत त्यालाच माहीत. लिहायचं राहून गेलं, असं ते स्वतःला सांगत. रोज सांगत. राहून गेलेली गोष्ट माणसाला रोज आठवत नसते, हेही त्यांना कळत होतं.

त्यात कौशल्याबाईंच्या गळ्यात गाठ निघाली.

कौशल्याबाई म्हणजे नागोरावांच्या पत्नी. थायरॉइडची गाठ, ऑपरेशन करून काढायची. डॉक्टर भले होते, त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आवाजाची नस तिथूनच जाते, आम्ही जपतो, पण क्वचित कधी आवाज बसतो, कधी परत येतो, कधी तसाच राहतो. शुद्धीवर येता येताच आम्ही पेशंटला बोलायला लावतो, तिथंच बरंचसं कळतं. त्या वेळी घरच्या एका माणसाला पाच मिनिटं आत सोडू.

घरात बोलण्याचं खातं कौशल्याबाईंकडे होतं. नागोराव दिवसभर यंत्रांशी मुक्यानं वागून घरी येत आणि स्वयंपाकघरातून येणाऱ्या त्या वाशिमच्या बोलण्यात बसून राहत, जसं कुणी पंख्याखाली बसतं. तो आवाज नसला तर घरात काय उरेल, हा विचार त्यांनी डॉक्टरांच्या खोलीत एकदा केला आणि लगेच मिटवला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बॅग भरताना कौशल्याबाईंनी एकच गोष्ट मागितली. "मी डोळे उघडीन तेव्हा समोर राहा. उल्काच्या वेळी डोळे उघडले तर समोर तुमच्या वहिनी. चांगली बाई हाय, माझं काही म्हणनं नाही. पन पुन्हा नको."

उल्का जन्मली तेव्हा प्रवेशाची फेरी चालू होती आणि सर्व्हर पडला होता. मुलगी सहा तासांची झाल्यावर नागोरावांनी तिला पाहिलं. आता ती वीस वर्षांची होती, बेंगळुरूला शिकत होती आणि दुपारच्या विमानानं येणार होती. सकाळी आईपाशी एकटे नागोरावच असणार होते. ते म्हणाले, राहीन. कौशल्याबाईंनी बॅगेत पाहिलं. थर्मास आणि रिपोर्टांची फाइल यांच्या मध्ये लॅपटॉप होता. त्यांनी तो फक्त थोडा बाजूला सरकवला, म्हणजे थर्मास उभा राहील.

सकाळी नऊला त्यांना आत नेलं. नातेवाइकांनी बसायची जागा तळघरात होती. खुर्च्या चांगल्या होत्या, पण फोनला तिथं रेंज नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, साडेअकराच्या सुमारास बाहेर आणू, तुम्हाला नावानं बोलावतील, इथंच थांबा. पावणेअकरापर्यंत नागोराव थांबले. मग उल्काला फोन करावा म्हणून ते लॅपटॉप काखेत घेऊनच दहा मिनिटांसाठी वर पार्किंगमध्ये आले, आणि रेंज येताच खिशातला फोन सतरा वेळा थरथरला.

सतराही फोन रणजितचे. रणजित परीक्षा विभागात होता, काही बंद पडलं की नागोरावांना फोन लावायचा ही त्याची नऊ वर्षांची सवय होती, आणि सवयीला रजेचा अर्ज दिसत नाही. त्यानं धापा टाकत सांगितलं की अकराचा ऑनलाइन पेपर आहे, नऊशे मुलं बसली आहेत आणि एकाचंही लॉगिन होत नाही. सृष्टी मॅडम बघत आहेत, पण त्यांना सापडत नाहीये.

नागोरावांना वाक्य पुरं व्हायच्या आत कळलं होतं. जुन्या नोंदी. या महिन्यात रिपोर्ट आणि तपासण्यांच्या धावपळीत त्या काढायच्या राहिल्या होत्या, आणि हे मात्र खरोखरच राहून गेलं होतं.

आणि मग त्यांच्या मनात जे आलं त्याची त्यांना पुढं बरेच दिवस लाज वाटत राहिली. त्यांना बरं वाटलं.

एका दुचाकीच्या सीटवर त्यांनी लॅपटॉप उघडला. विनंती. परीक्षा सर्व्हर, दोन तास. कारण, "पेपर बंद आहे. कुठं अडकलंय ते मला माहीत आहे." अकराला दोन मिनिटं कमी असताना उत्तर आलं.

"नामंजूर. आपण आज रजेवर आहात."

त्यांना वाटलं, चुकून दुसरं बटण दाबलं गेलं. त्यांनी पुन्हा लिहिलं, "रजेवर असलो तरी हात चालतात. दोन तास नको, एक तास दे."

"नामंजूर, वरीलप्रमाणे."

नागोराव तापले. सहसा न तापणारा माणूस तापला की त्याला काय करावं ते सुचत नाही. त्यांनी लॅपटॉप मिटला, उघडला, दुचाकीच्या मालकाला गाडी हलवू दिली, लॅपटॉप भिंतीच्या कठड्यावर ठेवला आणि तिसरी विनंती केली. या वेळी कारणाचा रकाना पूर्ण भरला. बावीस वर्षं, नऊशे मुलं, तुला आठ तारा कुणी शिकवल्या, सगळं त्यात आलं. उत्तर यायला चार मिनिटं लागली.

"नामंजूर. सर, आठ तारा आपणच शिकवल्या. काकूंपाशी जा."

चार महिन्यांपूर्वी हे घडलं असतं, तर कुणाला काही विचारायची गरजच नव्हती. नागोराव या कठड्याशी उभे राहून संध्याकाळपर्यंत काम करत बसले असते, आणि कुणीही त्यांना थांबवू शकलं नसतं. प्राचार्य नाही, कौशल्या नाही, ते स्वतःही नाही.

हा विचार त्यांनी पुरा केला नाही. त्याऐवजी त्यांनी दत्तोबांना फोन लावला आणि कपाटातलं पाकीट काढायला सांगितलं.

दत्तोबा जुने माणूस. त्यांनी कपाट उघडल्याचा आवाज आला, मग चष्मा शोधल्याचा, मग वही उघडल्याचा. वही वाचल्याशिवाय ते पाकिटाला हात लावणार नव्हते, कारण हा नियम त्यांना स्वतः नागोरावांनीच तीनदा समजावला होता.

"तुमचं नाव लिवलं," दत्तोबा म्हणाले. "अकरा चौदा टाईम लिवला. कारन काय लिवू सायेब?"

"पेपर बंद आहे म्हणून लिहा."

"ते ताई बगत्यात की. अजून अर्ध्या तासानं पेपर घ्यायचा ठरलाय, पोरं भाईर चहा पित्यात. कुनी रडाया नाय लागलं." दत्तोबा थांबले. "त्ये त्यांचं कारन झालं. तुमचं काय लिवू?"

"लिहा, मी नसलो तर..." नागोरावांनी सुरुवात केली.

पुढचं वाक्य त्यांच्याकडे तयार होतं. मी नसलो तर सुरू होणार नाही. पण तोंडावाटे ते येईना, कारण ते खोटं होतं. सृष्टी तासाभरात शोधून काढील हे त्यांना माहीत होतं, त्यांनीच तिला शोधायला शिकवलं होतं. भीती पेपर बंद राहण्याची नव्हती. भीती होती तो त्यांच्याशिवाय सुरू होण्याची. आणि हे काही कुणी दत्तोबांच्या वहीत लिहून घेण्यासारखं कारण नव्हे.

दत्तोबांनी पेन धरून ठेवलं होतं. मग पलीकडून त्यांचा आवाज जरा खाली आला. "पाकिटाला दोन मानसं लागत्यात म्हनून ताईंना बोलावलंय. त्या हितंच उभ्या हायत. देऊ का?"

नागोराव हो किंवा नाही म्हणायच्या आत सृष्टी फोनवर आली. ती रागावलेली नव्हती. तिला धाप लागली होती, जिना धावत चढली असावी.

"सर, एकतिसाव्या पानानंतर काय आहे?"

पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि तिचा भोंगा वाजत होता. नागोरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. तिला केव्हापासून माहीत होतं कोण जाणे. तिनं विचारलं नव्हतं, एवढंच.

"परीक्षेच्या सर्व्हरवर जुन्या नोंदींचा फोल्डर आहे," ते म्हणाले. "मुख्य ड्राइव्हवर, नावात फक्त वर्ष आहे, त्यामुळे महत्त्वाचा वाटत नाही. तो भरलाय. मागच्या महिन्याच्या अलीकडचं काही काढू नकोस, बाकी सगळं दुसऱ्या ड्राइव्हवर हलव. मग सर्व्हर बंद करून सुरू कर. बारा मिनिटं लागतात." आणि मग त्यांना वाटलं की एवढं सांगितलंच आहे, तर पुरतं सांगावं. "दर महिन्याला करावं लागतं. लिहायचं राहिलं नव्हतं. मी लिहिलं नव्हतं."

"बरं," सृष्टी म्हणाली. तिनं ते कुठंतरी टिपून घेतलं, बहुधा तळहातावर. "मी लिहिते बत्तिसावं पान. काकूंचं काय झालं?"

"बाहेर आणणार होते. साडेअकराला."

"सर, अकरा एकवीस झालेत," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. वरिष्ठांना शोभेल असं ते वागणं नव्हतं.

लिफ्ट कुठंतरी पाचव्या मजल्यावर होती. नागोराव जिन्यानं उतरले, लॅपटॉप उघडाच काखेत. रेंजच्या शेवटच्या पायरीवर फोन पुन्हा एकदा थरथरला. तो त्यांनी काढून पाहिला नाही.

तळघरात श्यामला सिस्टर दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरून त्या वाट पाहून कंटाळल्या आहेत असं दिसत होतं. भुसारी कोण, असं त्यांनी दोनदा पुकारलं होतं. त्या नागोरावांना म्हणाल्या, "पेशंट मघापासून 'अहो' म्हणतायत. आम्ही विचारतोय, नाव सांगा, तर नाव सांगत नाहीत. 'अहो'ला बोलवा म्हणतात. तुम्हीच का?"

"मीच," नागोराव म्हणाले. आणि मग एकदम, "म्हणतायत? म्हणजे ऐकू येतंय?"

"घसा बसलाय, पण ऐकू येतंय हो. चला, चप्पल काढा."

सांगितलेल्या वेळेआधीच बाहेर आणलं होतं आणि कौशल्याबाईंनी डोळे उघडलेही होते. तीन-चार मिनिटांचाच उशीर, पण झाला होता. कॉटच्या शेजारी एक स्टीलचं स्टूल रिकामं होतं, एवढं मात्र खरं, की त्यावर वहिनी नव्हत्या. नागोराव त्यावर बसले. गळ्याला पट्टी होती, एका हाताला सलाइन होतं, आणि दुसरा हात चादरीबाहेर काहीतरी चाचपत होता. तो त्यांनी धरला.

"आले का," त्या म्हणाल्या. आवाज सुकल्या पानावर पाय पडावा तसा होता. पण आवाज होता.

"उशीर झाला. वर गेलो होतो."

"मालूम हाय." त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. "सुरू झालं का तुमचं?"

"माहीत नाही," नागोराव म्हणाले. हे उत्तर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दिलं असावं. "झालं असेल."

सिस्टरांनी कौशल्याबाईंना एक ते दहा म्हणायला सांगितलं, डॉक्टरांना आवाज कसा आहे ते कळवायचं होतं. कौशल्याबाईंनी म्हटलं. चारला आवाज फाटला, सातला परत आला, आणि दहा पुरे झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, छान, आता पुरे, गळ्याला आराम द्या. त्या कागदावर काहीतरी लिहीत पलीकडच्या कॉटकडे वळल्या.

"अकरा," कौशल्याबाई म्हणाल्या.

त्या हळूहळू पुढं जात राहिल्या, प्रत्येक आकडा जागेवर आहे का ते बघत, घरी परत आलेल्या माणसानं एकेक खोलीत डोकावावं तसं. सतरा. अठरा. नागोराव ऐकत होते. काखेतला लॅपटॉप त्यांनी मघाशी कुठं ठेवला ते त्यांना आठवत नव्हतं. चोविसाला त्या थांबल्या आणि त्यांनी मान न हलवता, फक्त डोळ्यांनी, त्यांच्याकडं पाहिलं.

"काहून रडून राहिले?"

"कुठं रडतोय."

"बरं, नाही तर नाही." त्यांनी श्वास घेतला. "मी दमली. आता तुम्ही म्हणा थोडं."

"पंचवीस," नागोराव म्हणाले, आणि आवाज नीट लागला नाही म्हणून घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "पंचवीस."